ओपन डेक, क्लोज्ड डेक आणि चोर्ला घाटात उकळलेली गाडी

लालमाती (डिचोली)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांची २००१ची पेट्रोल सेडान आहे. दीड लिटर, चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादापर्यंत ‘आमचीच कंपनी भारी’ सुरू होईल. मधली सहा वर्षं गाडी मोरजीला मामाकडे होती, गेल्या दिवाळीत परत आली. मे महिन्यात बेळगावला निघालो. चार माणसं, एसी चालू, भर दुपार. साखळी गाव मागे पडलं, चोर्ला घाटाची चढण लागली आणि वरच्या वळणांवर काटा लाल पट्ट्यात. बॉनेट उघडलं तर पुढचं काही दिसेना इतकी वाफ. गाडी बांधून खाली आणावी लागली.

मेस्ताने, म्हणजे आमच्या मेकॅनिकने, हेड (ब्लॉकवरचं झाकण) उतरवलं. दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधोमध गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) जळालेली. ब्लॉकवर बोट ठेवून तो म्हणाला, “हे बघ, वरून सगळं पोकळ. ओपन डेक. ह्यात जीव नसतो. एकदा तापलं की संपलं. दुसरं इंजिन बघ.” आमच्या आतेभावाचं म्हणणं वेगळंच. उघडलंच आहे तर ब्लॉक गार्ड (त्या पोकळीत बसवायची कडी) ठोकून घेऊ आणि लहानसा टर्बो लावू. पठ्ठ्याने ब्लॉक गार्ड मागवलासुद्धा!

ब्लॉक वरून खरंच पोकळ दिसतो, मी स्वतः पाहिला. चार नळकांडी पाण्याच्या खंदकात उभी केल्यासारखी. हे ओपन डेक म्हणजे नेमकं काय, कंपन्या मुद्दाम असं का करतात, आणि मेस्त म्हणतो त्यात तथ्य किती?

तिस्कावरून

जागा धरून बसलो. चहा-भजी मागवलेत.

ओतशाळा (फोंडा)

लालमाती, मी चाकणला डाय कास्टिंगमध्ये बारा वर्षं काढलीत, त्यामुळे ह्या विषयावर जरा लांबड लावणार. आधी चित्र डोळ्यांसमोर आणू.

घरातला मोठा टोप घ्या. त्यात चार स्टीलचे पेले उभे करा आणि त्यांचे बूड टोपाच्या तळाला पक्के जोडा. पेल्यांची तोंडं आणि टोपाचा काठ एका पातळीत. मधल्या जागेत पाणी. वरून बघितलं तर पाणी उघडं दिसतं, पेले खाली घट्ट पण वर मोकळे. हा झाला ओपन डेक. आता त्याच टोपावर एक जाड ताटली बसवा, जिला पेल्यांच्या तोंडाएवढी चार भोकं आहेत, आणि पेले, ताटली, काठ सगळं एकसंध करा. पाणी वर हेडमध्ये जायला ताटलीला बारीक भोकं ठेवा. हा क्लोज्ड डेक. आणि ताटलीऐवजी पेल्यापासून काठापर्यंत इथे-तिथे आडव्या पट्ट्या टाकल्या तर सेमी-क्लोज्ड. डेक म्हणजे ब्लॉकचा तो वरचा सपाट भाग, ज्यावर गॅस्केट आणि हेड बसतं. बस्स.

कंपन्या असं का करतात, त्याचं उत्तर इंजिनात नाही, साच्यात आहे. तुमच्याकडे मयेला चिकणमातीचे गणपती साच्यातून काढताना पाहिले असतील. सोंड पुढे वळलेली असेल तर साचा सरळ ओढून निघत नाही, अडकतो. साच्याला निघायला वाट लागते. डाय कास्टिंगमध्ये साचा पोलादाचा असतो आणि वितळलेलं ॲल्युमिनियम प्रचंड दाबाने क्षणार्धात आत मारतात. सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी पोलादी कोअरने (आतल्या गाभ्याने) तयार होते, आणि तो कोअर शेवटी वर ओढून काढावा लागतो. म्हणजे पोकळी वरून उघडीच राहणार. ओपन डेक हा त्या पद्धतीचा आकार आहे. मिनिटा-दोन मिनिटांत एक ब्लॉक, पृष्ठभाग चकाचक, भिंती पातळ, खर्च कमी.

क्लोज्ड डेक करायचा तर पोकळी वरून बंद हवी, म्हणून वाळूचा कोअर घालतात आणि ओतकाम थंड झाल्यावर वाळू मोडून भोकांतून झटकून काढतात. पण नेहमीचा वाळूचा कोअर डाय कास्टिंगचा मारा सोसत नाही, फुटतो. म्हणून धातू सावकाश ओतायचा: वाळूच्या साच्यात, नाहीतर कमी दाबाने. वेळ जास्त, पैसे जास्त. मात्र ह्या सावकाशीचा एक फायदा आहे. मारून भरलेल्या धातूत हवा अडकते, बारीक छिद्रं राहतात, आणि असा ब्लॉक उष्णता देऊन कडक करायला गेलं की अंगावर फोड येतात. सावकाश ओतलेल्याला ती अडचण कमी.

थोडक्यात, तुमच्या मेस्ताला दिसलेली पोकळी ही कारखान्याची काटकसर आहे हे खरं. पण निव्वळ काटकसर आहे, हे खोटं. ते पुढच्या प्रतिसादात, आता बाजारात जायचंय.

टर्बोबाब (मडगाव)

ओतशाळांना मान आहे, पण मेस्ताचं ऐका. मेस्त बरोबर बोलतोय.

जगात जेवढी म्हणून दणकट इंजिनं आहेत ती बघा. टोयोटाचं २जेझेड, निसानचं आरबी२६: बिडाचा ब्लॉक, क्लोज्ड डेक. निसान जीटी-आरचं व्हीआर३८: ॲल्युमिनियम, तरी क्लोज्ड. बीएमडब्ल्यूचं उदाहरण तर शाळेच्या पुस्तकात घालावं असं आहे. एन५४ आणि एन५५ ओपन डेक. मग एम३-एम४साठी एस५५ केलं, ते क्लोज्ड. २०१५मध्ये बी५८ आणलं, तेही क्लोज्ड, आणि तेच पुढे नव्या सुप्रात गेलं. मर्सिडीज-एएमजीचं एम१३९ घ्या. दोन लिटर, चार सिलिंडर, ४२१ पीएस. क्लोज्ड डेक. ही सगळी मंडळी जादा पैसे खर्चून डेक बंद करतात ती हौस म्हणून?

पेल्याचं तोंड वर मोकळं असेल तर आत स्फोट झाल्यावर ते हलणार. हललं की गॅस्केट घासणार. घासली की जाणार. साधी गोष्ट आहे, पात्रांव.

ओतशाळा (फोंडा)

@टर्बोबाब, यादी बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. तुम्ही ४०० पीएसवाल्यांची यादी दिलीत. लालमातीच्या बाबांच्या गाडीत त्याच्या पाव हिस्सा ताकद आहे.

आता उलट उदाहरण. फोक्सवॅगनचं १.० टीएसआय. टायगुन, कुशाक, स्लाव्हिया, आपल्या रस्त्यांवर हवी तेवढी फिरतायत. तीन सिलिंडर, टर्बो, थेट इंधन फवारा, ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटर. ब्लॉक डाय कास्ट ॲल्युमिनियम, आत बिडाचे लायनर (सिलिंडरचं नळीसारखं अस्तर), आणि डेक ओपन. त्याच घराण्याचं मोठं १.८ आणि २.० टीएसआय मात्र पातळ भिंतीच्या बिडाचं, क्लोज्ड डेक. एकाच कंपनीचे, एकाच पिढीतले इंजिनियर दोन्ही वापरतात. त्यांना कुठे काय लागतं ते कळत असणार ना?

काटकसरीपलीकडचे फायदे दोन. पहिला, थंडावा. सिलिंडरचा सगळ्यात तापणारा भाग वरचा, जिथे ज्वाळा असते आणि पिस्टनची वरची रिंग वर येऊन परत खाली वळते. ओपन डेकमध्ये पाणी अगदी गॅस्केटपर्यंत, चहूबाजूंनी पोचतं. क्लोज्डमध्ये तिथेच ताटलीची जाडी आडवी येते.

दुसरा फायदा लोकांच्या लक्षातच येत नाही. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉकचा वरचा भाग ओढला जातो. क्लोज्ड डेकमध्ये बोल्टची जागा आणि सिलिंडरचं तोंड एकाच ताटलीत, म्हणून बोल्टच्या ओढीने गोल सिलिंडर किंचित वेडावाकडा होतो. ओपनमध्ये बोल्ट बाहेरच्या भिंतीत, सिलिंडर मधे स्वतंत्र, ओढ त्याच्यापर्यंत कमी पोचते. सिलिंडर गोल राहिला की रिंगांचा ताण कमी ठेवता येतो. घर्षण कमी, तेल कमी जळतं, ॲव्हरेज वाढतं. म्हणून तर क्लोज्ड डेकवाले रेसचे ब्लॉक होन करताना (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करताना) वर जाड पोलादी प्लेट आवळतात आणि मगच होनिंग करतात, म्हणजे हेड बसल्यावर जो वेडावाकडेपणा येणार तो आधीच हिशेबात घेतला.

फर्मागुडी_९६ (पर्वरी)

ह्या दोघांच्या भांडणात आकडे कोणीच देत नाही म्हणून लॉगिन केलं. पोरांची परीक्षा चालू आहे, लवकर आवरते.

दीड लिटर, चार सिलिंडर म्हणजे बोअर साधारण ७५ मिलिमीटर धरू. क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात जळतानाचा कमाल दाब ६०-७० बारच्या घरात असतो. ६० धरला तर हेडवर वरच्या दिशेने पावणेतीन टनांच्या आसपास धक्का. टर्बो लावून दाब १०० बार झाला की तोच धक्का साडेचार टन. ६००० आरपीएमला हे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा. हेड उचलू नये म्हणून बोल्टांना ह्याहून बराच जास्त ताण धरून ठेवावा लागतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन सिलिंडरच्या एका भिंतीवर रेटला जातो, तो आडवा धक्का वेगळा. पेल्याचं तोंड हलतं ते मुख्यत्वे ह्या आडव्या रेट्याने आणि आतून फुगवणाऱ्या दाबाने.

म्हणजे टर्बोबाब म्हणतात ते भौतिकशास्त्र खरं आहे, पण ते दाबावर अवलंबून आहे. ६० बारला जे हलणं नगण्य, ते १०० बार आणि त्यापुढे गॅस्केटला जाणवायला लागतं. त्यात चुकीच्या वेळी पेटून नॉकिंग झालं तर दाबाचे टोकदार झटके बसतात, ते सगळ्यात वाईट.

आता तापमान. ३०० मिलिमीटर लांबीचं ॲल्युमिनियम ३० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतं. बीड त्याच्या निम्मं. तुमच्या ब्लॉकमध्ये दोन्ही आहेत, बाहेर ॲल्युमिनियम आणि आत बिडाचे लायनर, दोघांचं वाढणं वेगवेगळं. काटा लालच्या पुढे जातो तेव्हा हे गणित विस्कटतं, डेक कुठलाही असला तरी.

लालमाती (डिचोली)

दंडवत. गेल्या आठ दिवसांत मला कोणीच एवढं समजावलं नव्हतं.

एक राहिलं होतं सांगायचं. मामा रेडिएटरमध्ये कूलंट घालत नसे. घरच्या विहिरीचं पाणी. ह्याने काही फरक पडतो का?

ओतशाळा (फोंडा)

😶

फर्मागुडी_९६ (पर्वरी)

मोरजीतली विहीर? समुद्रापासून किती लांब?

लालमाती (डिचोली)

चालत सात-आठ मिनिटं.

मालीम_जेटी (बेती)

मग मेस्ताने ब्लॉक बघून निकाल दिला, पण पाणी चाखून बघितलं नाही!

मी ट्रॉलरची इंजिनं करतो. गाड्यांमधलं मला फार कळत नाही, पण खारं पाणी आणि धातू ह्यांचं लग्न कसं लागतं ते रोज बघतो. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या विहिरी उतरतात आणि पाणी मचूळ होतं. त्यातलं मीठ बिडाला गंजवतं, तो गंज निदान दिसतो, सगळीकडे सारखा पसरतो. ॲल्युमिनियमला मात्र ते टोचून खातं. वरून बरं दिसतं, आणि एका ठिकाणी सुई घातल्यासारखा खड्डा. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात ती ह्याचसाठी. आपल्याकडे लोक म्हणतात, ‘गोव्यात कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?’ गोठण्याचा प्रश्नच नाही हो, सडण्याचा आहे.

आणि ओपन डेकबद्दल माझं एक. बदलता येणारे ओले लायनर, म्हणजे थेट पाण्यात उभे राहणारे, दोन तऱ्हेचे असतात. आमच्या बऱ्याच डिझेलमध्ये लायनरला वर कॉलर असते, ती ब्लॉकच्या डेकवर टेकते, खाली ओ-रिंग. म्हणजे वरून धरलेला. दुसरी तऱ्हा गाड्यांमध्ये होती, फ्रेंच लोकांना फार आवडायची. रेनो १६, १९६५ची, तिचा ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि त्यात सुटे ओले लायनर खाली टेकवलेले, वर मोकळे. म्हणजे ओपन डेकच की. तो ब्लॉक पुढे कितीतरी वर्षं निरनिराळ्या गाड्यांत चालला. वर मोकळं म्हणजे मेलं, असं असतं तर चालला असता का? मात्र त्यात लायनर डेकच्या पातळीपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागाने वर उभा ठेवावा लागतो, तेव्हाच गॅस्केट त्याला आवळून धरते. हे माप चुकवलं की पहिल्या फेरीत पाणी तेलात.

टर्बोबाब (मडगाव)

पाण्याचं मान्य. पण मग शेवरोले व्हेगाचं काय? तिला कोणी मोरजीचं पाणी पाजलं नव्हतं.

नव्या मंडळींसाठी: १९७१च्या मॉडेलची ही अमेरिकन गाडी. २.३ लिटरचं इंजिन, ब्लॉक डाय कास्ट ॲल्युमिनियम, ओपन डेक, आणि लायनर नाहीतच. धातूतच १७ टक्के सिलिकॉन, त्याचे कडक कण उघडे ठेवून पिस्टन थेट त्यावर. वर हेड मात्र बिडाचं! तापण्याच्या आणि तेल पिण्याच्या तक्रारींनी बदनाम झाली. ओपन डेकची बदनामी तिथून सुरू झाली असं मला वाटतं, म्हणून मेस्त लोकांच्या डोक्यात ते बसलंय.

ओतशाळा (फोंडा)

व्हेगाची आठवण काढलीत ते बरं केलंत, कारण ती माझ्या बाजूची साक्षीदार आहे. खाली ॲल्युमिनियम, वर बीड: वरच्या आकड्यांप्रमाणे एक दुप्पट वाढतंय आणि मधे बिचारी गॅस्केट दोघांच्या ओढाताणीत. त्यात लहान रेडिएटर. सिलिंडर सरकला की रिंगा खरवडून तेल वर येणार. ह्यात डेकचा हात नव्हता असं नाही म्हणत, पण फाशी एकट्या डेकला का? पुढे पोर्शे ९४४ला तसाच जास्त सिलिकॉनचा, बिनलायनरचा, ओपन डेक ब्लॉक होता. ती गाडी कोणी भंगार म्हणत नाही.

सुबारूचं उदाहरण खरं तर जास्त बोधक आहे. त्यांचं सपाट चार सिलिंडरचं ईजे२०, सुरुवातीचं टर्बो क्लोज्ड डेक होतं, मग ओपन आलं, आणि एसटीआयमध्ये सेमी-क्लोज्ड. एकाच इंजिनाने तिन्ही घरं बघितली. आपल्याकडे शेवरोले फॉरेस्टर म्हणून जी गाडी विकली जायची, ती मुळात सुबारूच.

तिस्कावरून

पणजीत एक फॉरेस्टर अजून फिरते. आवाजावरून ओळखू येते. (अवांतर. चालू द्या.)

चढणीचा_दगड (वाळपई)

मी घाटाखालीच राहतो, मे महिन्यात अशा वाफाळलेल्या गाड्या आठवड्याला दोन बघतो, आणि त्यात बिडाच्या ब्लॉकवाल्याही असतात. @लालमाती, एक तपासा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, जागेवर आहे का? आपल्याकडे गाडी जरा तापली की तो काढून फेकायची पद्धत आहे.

लालमाती (डिचोली)

आज हेड आणि ब्लॉक दोन्ही स्वतः मोजले. फर्मागुडीताईंनी व्यनित (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन, उभं, आडवं, कोपऱ्यातून कोपऱ्यात. मॅन्युअलप्रमाणे हेड ०.०५ मिलिमीटरपर्यंत वाकलेलं चालतं आणि ब्लॉकचा डेक ०.१० पर्यंत. माझं हेड ०.१४. डेक ०.०६. म्हणजे ‘जीव नसलेला’ ब्लॉक मर्यादेत आहे आणि वाकलंय ते हेड.

थर्मोस्टॅट नाही. घर आहे, आत रिकामं.

दोन-तीनच्या मध्ये गॅस्केट जिथे जळली होती तिथल्या डेकवर बारीक खड्डे आहेत, नखाला लागतात. रेडिएटर उलटा करून पाणी सोडलं तर अर्ध्या नळ्यांतून येतच नाही. तांबूस-पांढरा गाळ निघाला. मामाला फोन केला. म्हटलं, विहिरीचं पाणी गोडं आहे ना? तर म्हणाला, “पावसाळ्यात गोडं असतं रे. मे महिन्यात आम्हीसुद्धा नाही पीत.”

मालीम_जेटी (बेती)

😂😂 गाडी मुकी, ती काय बोलणार.

फर्मागुडी_९६ (पर्वरी)

गोष्ट जुळली. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी सपाटीवर थंडच पडते, म्हणून रेडिएटर अर्धा तुंबलाय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मोरजी-म्हापसा फिरताना काटा खाली, सगळे खूश. घाटात पूर्ण क्षमता लागली तेव्हा ती नव्हतीच. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडल्यावर आतली बायपासची वाट बंद करतो. तो नसला की ती वाट कायम उघडी आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं. रेडिएटरचं झाकणही बदला. चांगल्या झाकणाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेलेली असेल तर शंभरलाच, आणि चोर्ल्याला आठशे मीटरवर त्याच्याही आधी.

डेकचा वाटा विचाराल तर आहे. ओपन डेकमध्ये दोन सिलिंडरच्या मधली टेकण्याची जागा अरुंद असते. तिथे खड्डा पडला की गॅस्केटला धरायला काही उरत नाही. क्लोज्ड डेक असता तर तेच मचूळ पाणी पिऊन कदाचित आणखी दोन उन्हाळे काढले असते.

टर्बोबाब (मडगाव)

“कदाचित आणखी दोन उन्हाळे.” हे मी माझा विजय समजतो. 😎

बरं, ब्लॉक गार्डचं काय ठरलं?

ओतशाळा (फोंडा)

तेच सांगायला आलो. @लालमाती, आतेभावाच्या हातातून हातोडा काढून घ्या.

ब्लॉक गार्ड म्हणजे पाण्याच्या खंदकात वरून ठोकून बसवायची ॲल्युमिनियमची कडी. कल्पना अशी की ती पेल्यांची तोंडं काठाला टेकवून धरेल. दोन अडचणी. ती घट्ट बसायला हवी, पण ठोकून बसवली की सिलिंडरच्या भिंतीवर दाब येतो आणि गोलपणा बिघडतो. त्यामुळे बसवल्यावर पुन्हा बोअरिंग-होनिंग आलंच. आणि दुसरी, जिथे पाणी सगळ्यात जास्त हवं तिथेच तुम्ही बूच घालता. तापून गॅस्केट गेलेल्या गाडीला हा इलाज म्हणजे ताप आलेल्याला गोधडी.

ज्यांना खरंच मोठी ताकद हवी ते जुने सिलिंडर कापून काढून कॉलरवाल्या डक्टाइल बिडाच्या स्लीव्ह टाकतात, कॉलरी एकमेकींना आणि काठाला भिडतात आणि डेक बंद होतो. होंडाच्या बी आणि के सिरीजच्या ओपन डेक ब्लॉकवर हे जगभर करतात. त्याला नेमकं यंत्रकाम लागतं आणि खर्च तुमच्या अख्ख्या गाडीपेक्षा जास्त.

टर्बोबाब (मडगाव)

ह्यावर सहमत. मी टर्बोचा भक्त असलो तरी वीस-बावीस वर्षांच्या ब्लॉकवर, मूळ पिस्टनवर टर्बो नको. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळा बदल चालत नाही असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९मध्ये सांगितलंय. करासवाड्याला पोलिसांनी अडवलं तर आतेभाऊ येणार आहे का सोडवायला?

तरी गंमत म्हणून सांगतो. १९८३ला नेल्सन पिके ज्या बीएमडब्ल्यू टर्बोवर फॉर्म्युला वन जिंकला, त्याचा ब्लॉक बाजारातल्या गाड्यांच्या एम१० इंजिनावरून घेतलेला होता. दीड लिटर, चार सिलिंडर, साधं बीड. लालमातीच्या गाडीएवढंच इंजिन, बघा!

चढणीचा_दगड (वाळपई)

खड्ड्यांचं काय करणार? वेल्डिंग करून भरतात काही जण.

ओतशाळा (फोंडा)

ओपन डेकला तिथे वेल्डिंग नको. एका जागी एवढी उष्णता दिली की मोकळा उभा असलेला सिलिंडर हलतो, आतला लायनर सैल पडायची भीती. खड्डे उथळ असतील तर डेकचं फेसिंग (वरचा थर कापून सपाट करणं) करून घ्या. कमीत कमी काढा. ॲल्युमिनियम आणि लायनरचं बीड एकाच वेळी कापलं जाणार, म्हणून चांगली मिलिंग मशीन आणि धारदार कटर हवा, पट्ट्याचा ग्राइंडर नको. जेवढं डेकमधून आणि हेडमधून निघालं तेवढं कॉम्प्रेशन वाढणार, ते मोजून गॅस्केटची जाडी ठरवा. बेळगावच्या उद्यमबागेत बरीच कामं होतात, आधी फोन करून मशीन कुठली ते विचारा.

लालमाती (डिचोली)

दीड महिन्याने येतोय, माफी. मधे चतुर्थी झाली.

शेवटी ब्लॉक बेळगावला गेला. गाडीने जे जमलं नाही ते ब्लॉकने टेम्पोत बसून केलं, चोर्ल्याच्याच रस्त्याने. डेकमधून ०.१२ काढलं, खड्डे गेले. हेड सरळ झालं. नवी गॅस्केट, नवे हेड बोल्ट, नवा रेडिएटर, झाकण आणि थर्मोस्टॅट. बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळले. मेस्त आधी हसला, “हाताला कळतं रे,” म्हणाला, मग स्वतःच पाना मागून घेतला. कूलंट मिक्स करायला डिस्टिल्ड पाणी आणलं तर बाबा म्हणाले, बॅटरीला घालतात ते इंजिनाला कशाला. त्यांना अख्खा धागा वाचायला दिला. मालीम_जेटी ह्यांचा ‘सडण्याचा प्रश्न’ त्यांना फार पटला.

रविवारी चौघं पुन्हा त्याच वेळी निघालो, एसी चालू. काटा अर्ध्याच्या जरा खाली, वरच्या वळणांवर एकदा कणभर हलला, पंखा लागला, परत खाली. बेळगावला कुंदा घेतला आणि उतरलो.

टर्बोबाब (मडगाव)

अभिनंदन! 👏 आणि तो ब्लॉक गार्ड? कोणाला विकायचा असेल तर माझ्या ओळखीत एक आहे.

लालमाती (डिचोली)

नाही विकायचा. आत्तेने त्याच्या चार गोलांत चार कुंड्या ठेवल्यात. तुळस, ओवा, पुदिना आणि एक मिरची. मिरचीला फूल आलंय.

मालीम_जेटी (बेती)

पाणी कुठलं घालते?